बांधणाऱ्याच्या रकान्यातलं नाव

सुनीती खांबेटे यांची सही घ्यायला माणसं लांबलचक गाड्यांतून येत आणि बहुधा सही न घेता परत जात. नारायण पेठेतल्या त्या गल्लीत तसली गाडी वळवायला पाव तास लागतो. तेवढा वेळ बाई दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत उभ्या राहून मजा बघत आणि मग कुकर लावायला आत जात.

सही कशाला हवी असे? तर बाई विमानांच्या परवानाधारक अभियंत्या. मोठ्या प्रवासी विमानांच्या नव्हे, दोन आणि चार माणसांच्या छोट्या विमानांच्या. वय एकसष्ट, साडी कॉटनची, पायात कॅनव्हासचे बूट आणि पर्समध्ये टॉर्च. पुण्यापासून दीड तासावरच्या एका खाजगी धावपट्टीवर अकरा विमानं उभी असतात. बुधवारी आणि शनिवारी बाई तिथे जात, झाकणं उघडायला लावत, आणि विमानाच्या वहीत एक तर सही करत नाहीतर मालकाचा पाणउतारा. दुसऱ्या कामाला त्या कधीच कंटाळल्या नाहीत. त्यांचे यजमान शरच्चंद्र, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, म्हणत की हिच्या हाताला सरकारने परवाना दिला, पण जिभेला घ्यायला लावला नाही, हे सरकारचं दुर्लक्ष आहे.

धावपट्टीवरच्या अकराही मालकांबद्दल बाईंचं मत एकच होतं. विमान विकत घेता येतं म्हणजे ते समजतंही, असा ज्याचा समज झाला त्याला त्या माणसांत धरत नसत. डॉक्टर दिग्विजय यांचंच घ्या. त्यांचं चार जणांचं विमान कारखान्यात बनलेलं. एका रविवारी त्यांनी इंधनाची जुनी नळी काढून मोटारीच्या दुकानातून आणलेली नवी नळी स्वतः बसवली, आणि बुधवारी बाईंना मोठ्या कौतुकाने दाखवली.

"ही कोणी बसवली?" बाईंनी विचारलं.

"मीच. विमान माझं आहे, बाई."

"अहो डॉक्टर, माझं पोट माझं आहे. म्हणून रविवारी घरी बसून मी माझं अपेंडिक्स काढत नाही."

मग भर हँगरमध्ये, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, बाईंनी नियम सांगितला. कारखान्यात बनलेल्या विमानाच्या मालकाने चाकाचा टायर बदलावा, तेल बदलावं, दिवा बदलावा, सीटचं कापड फाटलं तर शिवून घ्यावं. त्यापुढचं सगळं कंपनीच्या पुस्तकात लिहिल्याप्रमाणे आणि परवाना असलेल्या माणसाच्या सहीने. मालकाने त्यापुढे फक्त बिल भरावं. डॉक्टरांनी मान खाली घालून नळी काढली.

बाईंना गाठायला आलेला केदार बेहेरे हे ऐकत शेजारी उभा होता, आणि तो मोठ्याने हसला. केदार कर्वेनगरचा, वय बेचाळीस, स्वतःची सॉफ्टवेअर कंपनी. डोळ्यांवर असा चष्मा की आज ना उद्या वैमानिक होणार हे लांबूनच कळावं.

"म्हणूनच मी किट घेतलं, बाई," तो म्हणाला. "खोक्यांतून पार्ट्स आले, मी स्वतः असेंबल केलं. होमबिल्टचे रूल्स वेगळे आहेत. ज्याने बांधलं तोच मेंटेन करणार, आणि दर वर्षीच्या तपासणीवर सहीसुद्धा त्याचीच. तुमची गरज ओन्ली वन्स. मीच बांधलं एवढा एक दाखला द्या."

दुर्दैवाने तो खरं बोलत होता. स्वतः बांधलेल्या विमानाची निगा बांधणाऱ्याला करता येते, कारण पत्रे जोडणारा एकेक रिव्हेट त्याच्या हाताखालून गेलेला असतो. हा हक्क विमानाच्या मागे जात नाही, माणसाच्या मागे जातो. उद्या विमान विकलं तर घेणाऱ्याला तो मिळत नाही. अट एकच, की बांधणी त्याने स्वतःच्या हाताने, शिकण्यासाठी आणि हौसेनं केलेली हवी, मजुरी घेऊन नव्हे. बाईंना हा नियम मनापासून पटत असे. पटत नसे ते एवढंच, की तो असल्या चष्मेवाल्यांच्या हाती पडतो.

"दाखला देईन," बाई म्हणाल्या. "आधी विमान दाखवा."

विमान धायरीत होतं. सिंहगड रस्ता सोडून आत वळलं की पत्र्याच्या शेड्सची एक रांग लागते. कुठे ग्रिल बनतात, कुठे फर्निचर. त्यांतल्या शेवटच्या शेडमध्ये तीन वर्षं विमान बनत होतं, आणि शेजारच्या ग्रिलवाल्याला ती पाण्याची टाकी वाटत होती. शटर वर केलं ते तिशीच्या एका सडपातळ माणसाने.

"हा उत्तरेश्वर इंगळे," केदारने ओळख करून दिली. "वॉचमन. व्हेरी लॉयल."

"काय करतोस?" बाईंनी विचारलं.

"राखण करतो, बाई." तो खाली बघत म्हणाला.

बाईंनी त्याच्या बोटांकडे पाहिलं. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याची धार बोटांवर केसासारखे बारीक काप काढते. नवे, जुने, अर्धवट भरलेले असे काप त्या दोन्ही हातांवर होते. मग त्यांनी केदारच्या हातांकडे पाहिलं. ते हात फेशियल केल्यासारखे दिसत होते. राखण करताना पत्रा चावतो आणि विमान बांधताना चावत नाही, हा नवा शोध बाईंनी मनात नोंदवून ठेवला.

केदारने अल्बम काढले. एक नाही, तीन. गुळगुळीत कागद, वर सोनेरी अक्षरं. नियमाप्रमाणे बांधणीचे फोटो ठेवायचे असतात, आणि केदारने लग्नाचे ठेवावेत तसे ठेवले होते. प्रत्येक फोटोत तो मध्यभागी. ड्रिल धरलेला केदार, पंखाला टेकलेला केदार, इंजिनाकडे विचारमग्न मुद्रेने पाहणारा केदार. एका फोटोत तो पत्र्यावर रेघ मारत होता. हातात एक पेन्सिल, आणि कमी पडू नये म्हणून कानावर दुसरी.

"ही पेन्सिल कसली?" बाईंनी विचारलं.

"मार्किंगसाठी. सगळं मार्किंग मीच केलं."

"म्हणजे साधी शिसपेन्सिल? शाळेतली?"

"हो, नॉर्मल पेन्सिल."

चहाचे कप विसळणाऱ्या उत्तरेश्वरने झटकन मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर जी भीती दिसली ती बाईंनी बरोबर टिपली. अ‍ॅल्युमिनियमवर शिसपेन्सिल लावत नाहीत. त्या रेघेखालचा पत्रा हळूहळू खाल्ला जातो, आणि दोन-चार वर्षांनी आकाशात रेघेवरून फाटू शकतो. हे किटच्या पुस्तकात पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत असतं. पुस्तक उघडलेल्या माणसाने कानावर पेन्सिल ठेवून फोटो काढला नसता.

"पंखाखालचं ते झाकण उघडा," बाई म्हणाल्या.

केदारने खाली बसून बराच वेळ झाकण शोधलं. ते सापडल्यावर त्याने हाताला लागेल तो स्क्रूड्रायव्हर घेतला आणि जोर लावला. स्क्रूचं डोकं करकरलं. उत्तरेश्वरच्या हातातला कप खाली पडला.

"साहेब, त्याला दुसरा लागतो," तो न राहवून बोलला.

"वॉचमनला बरंच ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "तू उघड रे."

त्याने उघडलं. आठ स्क्रू, आणि प्रत्येक स्क्रू काढून झाकणाच्या ज्या भोकातला होता त्याच जागी एका चिंधीवर ओळीने ठेवला. बाईंनी आत टॉर्च मारला आणि चष्मा वर केला. आत शिसपेन्सिलीची एकही रेघ नव्हती. लहान मुलांच्या चित्रकलेच्या हिरव्या स्केचपेनने, बारीक मराठी अक्षरांत, फासळी-फासळीवर लिहिलेलं होतं. 'फासळी ४. भोक परत मोजले. बरोबर.' 'हा पत्रा दुसरा. पहिला चुकला, टाकला.' 'लाईट गेली. उद्या.'

"हे कोणी लिहिलं?" बाईंनी विचारलं.

केदारने वाकून पाहिलं. इंग्रजी माध्यमात शिकल्यामुळे त्याला ते वाचायलाच वेळ लागला. "मी... मी सांगितलं असेल त्याला लिहायला."

"लाईट गेली हेसुद्धा तुम्हीच सांगितलंत? कुठून, ऑफिसमधून?"

केदारचा आवाज चढला. "बाई, लेट्स बी प्रॅक्टिकल. हाताने कोण करतं आजकाल? व्हिजन माझं आहे."

"फॉर्मवर व्हिजनचा रकाना नाही," बाई म्हणाल्या. "बांधणाऱ्याचा आहे."

उत्तरेश्वरवरही त्या खूश नव्हत्या. खोटं बोलणाऱ्यापेक्षा खोट्याला मान डोलावणारा त्यांना जास्त चीड आणत असे. निघता निघता त्यांनी त्याला मुद्दाम विचारलं, "सुकाणूच्या तारा कशा तपासतोस?"

"बघून, बाई. बॅटरी मारून."

"बघून? बघून मुली पसंत करतात. तारेतला तुटलेला धागा डोळ्याला दिसत नाही. सुती फडकं गुंडाळायचं आणि तारेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढायचं. अडकलं की समजायचं." एवढं बोलून बाई रिक्षात बसल्या.

रविवारी सकाळी दहाला उत्तरेश्वर नारायण पेठेत बाईंच्या दारात उभा राहिला. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात अर्धा किलो पेढे. पेढे बघून बाईंच्या कपाळावर आठी पडली.

"सही करा, बाई," तो म्हणाला. "साहेबांच्या नावानं करा."

"का?"

"न्हाई केली तर साहेब विमान इकतो म्हणायलेत. मंग मला त्याच्याजवळ बी जाता यायचं न्हाई. केली तर म्या बघत जाईन त्याच्याकडं, अन् साहेब सही करतील. नाव कुणाचं का असंना."

बाई संतापल्या. "तीन वर्षं बांधलंस तू, आणि नाव त्याचं? लाज वाटत नाही?"

उत्तरेश्वरने पेढ्यांचा पुडा खाली ठेवला. तो धाराशिवकडचा, आयटीआयचा फिटर. कारखान्यातलं कंत्राट संपलं तेव्हा केदारने शेड सांभाळायला ठेवलेला. पहिले चार महिने केदार स्वतः यायचा. मग कंटाळला, आणि खोकी तशीच पडून राहिली. एक दिवस उत्तरेश्वरने पुस्तक उघडलं. शब्दकोश घेऊन, मोबाईलवर शोधून, एकेक पान लावत गेला.

"एक सांगू का, बाई?" तो म्हणाला. "उजव्या पंखाच्या शेवटच्या फासळीवर म्या माझं नाव लिव्हलंय. पुरं नाव. मंग वरून पत्रा मारला. आता ते कुणालाच दिसायचं न्हाई, पर हाय तिथं. माझं तेवढ्यात भागतंय."

बाईंना त्याचं कौतुक वाटलं. असा प्रसंग त्यांच्यावर फारसा येत नसे, आणि आला की त्यांना राग येई. तो राग त्यांनी पुढच्या प्रश्नावर काढला. "पगार कशाचा मिळत होता तुला?"

"राखणीचा. बांधणीचा एक पैसा न्हाई घेतला. साहेबांनी कागदच करून घेतला तसा. म्हनले, बांधायचे पैशे दिले असं दिसलं तर विमान नियमात बसत न्हाई. तू आपला हौसेनं कर, शिकायला मिळंल."

"हौसेनं," बाई स्वतःशीच म्हणाल्या. मग हसायला लागल्या. हसण्याचा आवाज ऐकून शरच्चंद्र स्वयंपाकघरातून घाबरून बाहेर आले.

"आहे तो कागद?" बाईंनी विचारलं.

कागद होता. केदार बेहेऱ्यांच्या सहीचा, शिक्क्याचा. उत्तरेश्वर इंगळे हे फक्त राखणदार असून, शेडमध्ये अन्य काही काम करत असल्यास ते स्वतःच्या हौसेखातर आणि विनामोबदला करतात. फिटरचा पगार वाचावा म्हणून चिकटपणाने केलेला तो कागद नियमाच्या मापाने बेतून शिवल्यासारखा निघाला. स्वतःच्या हाताने, शिकण्यासाठी, हौसेनं, मजुरी न घेता. बाईंनी तिथल्या तिथे दाखला लिहिला. मालक, केदार बेहेरे. बांधणारा, उत्तरेश्वर इंगळे. पेढे मात्र त्यांनी परत केले.

केदारने थयथयाट केला. वकिलाला विचारलं, ओळखीच्यांना फोन केले, बाईंना दोनदा सर आणि एकदा मावशी म्हणून पाहिलं. विमानांची नोंदणी करणाऱ्या कार्यालयातून खात्री करायला आलेल्या माणसाने दोघांनाही इंजिनावरचं झाकण उघडायला सांगितलं. उत्तरेश्वरने ते उघडलं. केदारने त्याला कुठून धरायचं ते विचारलं. त्या माणसाने बाईंच्या दाखल्याखाली आपली सही केली. विकायला काढावं तर किटचं गिऱ्हाईक सहज मिळत नाही, आणि उडवायचं तर बांधणारा सांभाळायलाच हवा. केदारने इंटरनेटवर 'आमच्या टीमने बांधलेलं विमान' असा फोटो टाकला आणि टीमला फोटोतून कापलं. उत्तरेश्वर मात्र विमानापाठोपाठ धावपट्टीवर राहायला गेला.

वर्ष झालं. वार्षिक तपासणीची तारीख आली. तिच्याच दुसऱ्या दिवशी, शनिवारी, केदारने कंपनीची चाळीस माणसं धावपट्टीवर बोलावली. मांडव, सँडविचेस, सगळ्यांना विमानाचं चित्र असलेल्या टोप्या. बाई डॉक्टरांच्या विमानापाशी होत्या. डॉक्टर आता दिवा बदलायचा तरी आधी फोन करत. तेवढ्यात केदार घाम पुसत आला.

"बाई, प्लीज, तुम्ही तरी सांगा त्याला. काल सही व्हायला हवी होती. सुकाणूची तार बदलायची म्हणतोय. वर्षभराची तार आहे हो, अगदी नवी! माझी माणसं आली आहेत."

खोटं कशाला, बाईंना बरं वाटलं. वर्षभर त्यांना त्या विमानाकडे कोणी बोलावलं नव्हतं, आणि नियमाने बोलवायची गरजही नव्हती. त्या ऐटीत गेल्या. उत्तरेश्वर शेपटीशी उकिडवा बसला होता. आजूबाजूला चिंध्या, चिंध्यांवर ओळीने स्क्रू. बाईंनी टॉर्च काढला, चष्मा सारखा केला आणि तार या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट पाहिली. चकचकीत होती, कुठे काही नव्हतं.

"काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "उगीच बाऊ करू नकोस. कर सही."

केदारने सुटकेचा निःश्वास टाकला. उत्तरेश्वर उठला नाही. त्याने खिशातून जुन्या बनियनचा तुकडा काढला, तारेभोवती गुंडाळला आणि सावकाश ओढत नेला. कप्पीच्या अलीकडे तो अडकला. तुकडा सोडवल्यावर तारेच्या खालच्या अंगाला सुताचे दोन धागे लोंबत राहिले. तारेच्या तुटलेल्या, केसाएवढ्या टोकाने ते धरून ठेवले होते.

"डोळ्यानं न्हाई, बाई," उत्तरेश्वर म्हणाला. "फडक्यानं. बघून मुली पसंत करतात."

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. शिकवलेलं जसंच्या तसं म्हणून दाखवावं तसा तो बोलला होता, आणि म्हणूनच बाईंच्या कानांच्या पाळ्या तापल्या. अडतीस वर्षं जे दुसऱ्यांना ऐकवलं, ते त्या स्वतः विसरल्या होत्या. चाळीस टोप्यांसमोर, एका माजी वॉचमनकडून त्यांना ते ऐकावं लागलं. त्यांना लाज वाटली, खरीखुरी लाज.

"एकच तर धागा तुटलाय," केदार म्हणाला. "बाई, तुम्ही म्हणालात ना ओके आहे?"

"अहो बेहेरे, गप्प बसा." मग बाई उत्तरेश्वरकडे वळल्या. "इंगळे, माझं चुकलं. तुमचं बरोबर आहे. सही करू नका."

माझं चुकलं, हे शब्द शरच्चंद्रांनी चौतीस वर्षांच्या संसारात ऐकले नव्हते. ते तिथे नव्हते, हे त्यांचं नशीब.

टोपीवाल्यांनी सँडविचेस खाल्ले आणि ते गेले. उत्तरेश्वरने विमानाची वही उघडून हिरव्या पेनने लिहिलं, सुकाणूची तार, कप्पीजवळ एक धागा तुटलेला, उड्डाणास अयोग्य. खाली, सगळ्यांना दिसेल असं, पूर्ण नाव लिहिलं, उत्तरेश्वर नागोराव इंगळे, बांधणारा. वार्षिक तपासणीची वहीतली ही त्याची पहिलीच नोंद होती आणि ती नकाराची होती. मग त्याने वही बाईंकडे सरकवली. साक्षीदाराची जागा रिकामी होती. बाईंनी चष्मा पुसला आणि त्याच्या नावाखाली आपली सही केली.